शिक्षण परिषदेत वह्या उघडू या

दर महिन्याला केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, शिक्षक शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात. वर्गात नेमकं काय अडतंय यावर बोलायला याहून चांगली जागा आपल्याकडे नाही. आणि तो वेळ जातो कशात? स्वागत, सत्कार, सूचनांचं वाचन, कुणाची कुठली लिंक भरायची राहिली याची विचारणा. जे व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांत कळतं, ते ऐकायला लांबून गाडी मारत का यायचं?

आमच्याकडे तिसरी-चौथीच्या काही शिक्षकांनी एकदा वेगळं ठरवलं. प्रत्येकाने हातच्याच्या वजाबाकीच्या चार-पाच वह्या आणायच्या, बस्स. ४३ वजा १८. एकामागून एक वहीत उत्तर ३५! गावं वेगळी, मुलं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, चूक मात्र तीच. ३ मधून ८ जात नाहीत, म्हणून ८ मधून ३ काढलेले. एका मॅडमनी विचारलं, "मोठ्यातून लहान वजा करायचं, हे पहिलीत सगळीकडे घोकून घेतात ना?" खरंच की! मुलं नियम इमानेइतबारे पाळत होती. एकाच वर्गात ही त्या मुलाची चूक वाटते. अनेक शाळांच्या वह्या शेजारी ठेवल्या की शिकवण्यातली फट दिसते.

पुढच्या वेळी त्याच मॅडमनी तास घेतला, बाकीचे मागे बसले. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे, तीन सुट्या. "यातल्या अठरा मला दे." मुलगी सुट्या काड्या पुन्हा पुन्हा मोजत राहिली. मग हळूच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. नंतर चर्चा झाली ती मॅडमच्या शिकवण्यावर नाही, मुलांवर झाली. कोण कुठे थांबलं, फळ्यावरची मांडणी काड्यांच्या आधी आली की नंतर हवी होती.

जपानमध्ये शिक्षकांची ही जुनी रीत आहे. पाठ मिळून आखायचा, एकाने घ्यायचा, बाकीच्यांनी मुलं न्याहाळायची, मग पाठ दुरुस्त करायचा. इतकं लांब कशाला, साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे काही केंद्रांचा मिळून विभाग) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेलेच की. प्रत्यक्ष वर्ग बघितल्याने जे पटतं, ते पीपीटीने पटत नाही.

अडचणी आहेत, मान्य. द्विशिक्षकी शाळेतला एक जण बाहेर गेला की दुसऱ्यावर चार वर्ग येतात. म्हणून नुसत्या उत्साहावर हे चालणार नाही, वेळापत्रकात जागा हवी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. एकमेकांचे बघितलेले तास त्यात धरले जावेत, ही माझी ठाम मागणी आहे.

केंद्रप्रमुखांना एकच कळकळीची विनंती. सूचना आदल्या दिवशी ग्रुपवर टाका, आणि अशा तासाला निरीक्षण प्रपत्र घेऊन येऊ नका. गुण द्यायला कुणी बसलंय म्हटल्यावर शिक्षक पाठ करून घेतलेला तास दाखवतील, आणि ३५ लिहिणारं मूल त्या दिवशी मागच्या रांगेत बसवलं जाईल.