विभाज्यतेच्या कसोट्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

विभाज्यतेच्या कसोट्यांवरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपण स्वतःची ओळख निवृत्त गणित शिक्षक अशी करून दिली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देणे मी कर्तव्य समजतो. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: सातची कसोटी सरळ भागाकारापेक्षा लांब पडते; तेरा आणि सतरा यांच्या कसोट्या परीक्षेत लागत नाहीत; कसोट्या पाठ केलेली मुले ४ आणि ६ ने भाग गेला की २४ नेही जातो असे ठोकून देतात; सबब लेख काढून टाकावा. आणि शेवटी, आपल्याच शब्दांत, "या ट्रिका म्हणजे मुलांच्या डोक्याला कुलूप घालून किल्ली क्लासवाल्यांच्या खिशात ठेवण्याचा धंदा आहे."

पहिले मुद्दे गणिताचे आहेत, शेवटचे वाक्य माझ्याविषयी आहे. त्याच वाक्यापासून सुरुवात करतो, कारण आपण सर्वांत जास्त जोर त्यावरच दिला आहे. मतभेद असायला माझी हरकत नाही. परंतु ज्याला आपण कधी भेटला नाहीत आणि ज्याच्या वर्गात कधी बसला नाहीत, त्याच्या हेतूविषयी असा निवाडा देणे गणित शिकवलेल्या माणसाला शोभत नाही. पक्ष सिद्ध झाल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये, हे आपणही फळ्यासमोर उभे राहून अनेकदा सांगितले असेल. माझा लेख सर्वांना विनामूल्य वाचायला खुला आहे, त्यात कोणत्याही क्लासची जाहिरात नाही, आणि ज्या किल्लीविषयी आपण बोलता ती तर मी उघड्यावर ठेवली आहे.

या कसोट्या मला कोणत्याही क्लासने दिल्या नाहीत. माझे वडील इंदूरच्या सियागंजात एका किराणा पेढीवर मुनीम होते. संध्याकाळी बेरजा झाल्या की ते नवाचा ताळा करून पाहत, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून ९ ने उरणाऱ्या बाक्या जुळतात का ते तपासत, आणि जमा-नावे जुळले नाही तर रोकडवहीचे पान न् पान तपासण्याआधी आलेला फरक ९ ने भागून पाहत. भाग गेला, तर कुठेतरी दोन अंक उलटे पडले असावेत असा त्यांचा पहिला संशय असे. ३,८४० च्या जागी ३,४८० लिहिले गेले तर फरक ३६० येतो, म्हणजे ९ गुणिले ४०. शेजारचे दोन अंक उलटे झाले की फरक नेहमीच ९ च्या पटीत पडतो. मात्र त्यांनी मला हेही तेव्हाच दाखवले होते की नवाचा ताळा स्वतः अशी चूक पकडू शकत नाही, कारण अंक उलटे झाले तरी त्यांची बेरीज तीच राहते. आणि हे सगळे का घडते, तर दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्याण्णव अधिक एक. दहा, शंभर, हजार यांतून नवाच्या पटी काढून टाकल्या की प्रत्येक अंकाच्या वाट्याला तो अंकच उरतो. शाळेत ही गोष्ट मला बरीच नंतर भेटली. या माणसाच्या मुलाला आपण आकलनाचा शत्रू ठरवता, याचे मला वाईट वाटते आणि ते मी लपवणार नाही.

पुढे मी स्वतः इंदूरच्याच भंवरकुआ भागात अनेक वर्षे स्पर्धा परीक्षांचे गणित शिकवले. खरगोन, बडवानी, झाबुआकडून येणारी मुले भाड्याच्या खोलीत चौघे-चौघे राहतात आणि घरून येणाऱ्या पैशांत एक एक वर्ष काढतात. रेल्वेच्या बिगर-तांत्रिक पदांच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ९० मिनिटे असतात आणि चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला जातो. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ६० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ३६ सेकंद. ही मर्यादा मी घातलेली नाही. तिच्या आत मुलाने विचार कसा करावा, एवढेच मी शिकवतो, आणि त्याला धंदा म्हणण्यापूर्वी आपण एकदा घड्याळ लावून तो पेपर सोडवून पाहायला हवा होता.

शिवाय कसोटी ही भागाकाराची पळवाट आहे, हे आपले गृहीतकच परीक्षेतील प्रश्नांना लागू पडत नाही. तेथे बहुधा पूर्ण संख्या दिलेलीच नसते. उदाहरणार्थ, ४३क७२ख या सहा अंकी संख्येला ७२ ने निःशेष भाग जातो, तर क आणि ख काढा. यावर भागाकार कसा करणार? दोन्ही जागी ० ते ९ घालून पाहायचे म्हटले तर १०० संख्या होतात. आता ७२ म्हणजे ८ गुणिले ९, आणि या दोन सहमूळ संख्या आहेत, म्हणजे १ खेरीज त्यांच्यात सामाईक अवयव नाही. आठसाठी शेवटचे तीन अंक पुरतात, कारण १००० ला ८ ने भाग जातो. ७२ख मध्ये ख हा ० किंवा ८ असू शकतो, कारण ७२० आणि ७२८ दोन्ही आठच्या पाढ्यात येतात. उरलेल्या अंकांची बेरीज १६. ख शून्य असेल तर क २ हवा, ख ८ असेल तर क ३ हवा. संख्या दोनच मिळतात, ४३२७२० आणि ४३३७२८, आणि त्यांचे भागाकार ६०१० व ६०२४. यात कुठे कुलूप आहे ते मला दाखवावे. हजाराला आठने भाग का जातो हे ज्याला कळले नाही, त्याला ही पायरी सुचणारच नाही, आणि ज्याला कळले त्याला ती पुन्हा पाठ करावी लागत नाही.

सातविषयी आपले म्हणणे एका मर्यादेपर्यंत मला मान्य आहे: तीन अंकी संख्येला सरळ ७ ने भागणे अधिक सोपे, तेथे कसोटीची गरज नाही. पण तेवढ्यावरून कसोटीच निरुपयोगी ठरत नाही. संख्या १०क + ख धरा; येथे ख हा शेवटचा अंक आणि क ही त्याच्या आधीच्या अंकांची संख्या. तिच्यातून २१ख वजा केले तरी सातची विभाज्यता बदलत नाही, आणि उरते १०(क − २ख). दहाला सातने भाग जात नाही, म्हणून क − २ख ला जायला हवा. शेवटचा अंक दुप्पट करून वजा करणे एवढेच. ही दोन ओळींची सिद्धता मी प्रत्येक तुकडीला फळ्यावर देतो. त्याचबरोबर हेही सांगतो की या कसोटीने बाकी कळत नाही: २३ वर ती लावली तर उणे ४ येते, म्हणजे बाकी ३ वाटते, प्रत्यक्षात ती २ आहे. बाकी हवी असेल तर ३क + ख घ्यावे, कारण दहाची सातने बाकी ३ उरते. २३ साठी ९ येतात आणि बाकी २ मिळते. पाठांतर करून घेणारा शिक्षक कसोटीची मर्यादा सांगत बसत नाही.

संख्या मोठी असेल तर १००१ घ्यावे, म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. हजार हे त्याहून एकने कमी, म्हणून तीन-तीन अंकांचे गट आळीपाळीने अधिक-वजा केले तरी या तिघांची बाकी तीच राहते. ४१२६५८९३१ चे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ९३१ वजा ६५८ अधिक ४१२, उत्तर ६८५. या एका संख्येवरून सातची बाकी ६, अकराची ३ आणि तेराची ९ मिळते. तीन लांब भागाकारांचे काम एका ओळीत होते, आणि तेराची कसोटी परीक्षेत कधी लागत नाही या विधानाचेही उत्तर यातच आले. ५८३५८३ (म्हणजे ५८३ गुणिले १००१) सारखी तीन अंक दोनदा लिहून केलेली संख्या परीक्षकांच्या किती आवडीची आहे, हे जुने पेपर चाळणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

या 'ट्रिका' क्लासवाल्यांनी काढल्या असेही आपल्या वाक्यातून सूचित होते. फ्रेंच गणिती पास्कलने अंकांवरून विभाज्यता ठरवण्यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता, तो त्याच्या मृत्यूनंतर १६६५ मध्ये छापला गेला. २०१९ मध्ये चिका ओफिली या लंडनमधील शाळकरी मुलाला सुटीत दिलेल्या पुस्तकात सातची कसोटी सापडली नाही, म्हणून त्याने विचार करून स्वतःच एक काढली: शेवटचा अंक पाचपट करून उरलेल्या संख्येत मिळवायचा. ती आधीही माहीत होती, पण त्याला नव्हती. पन्नास हे एकोणपन्नासहून एकने जास्त, या निरीक्षणावर ती उभी आहे. कसोट्यांनी त्या मुलाचे डोके बंद केले की उघडले, याचा निर्णय आपणच करावा.

सतराची कसोटी क्वचित लागते, हे खरे; त्यावर वाद नको. ४, ६ आणि २४ ची चूक मुले करतात हेही खरे, पण ती कसोटीची चूक नाही. ३६ ला ४ ने भाग जातो, ६ ने जातो, २४ ने जात नाही. ४ आणि ६ मध्ये २ हा सामाईक अवयव आहे, म्हणून २४ साठी ३ आणि ८ घ्यावे लागतात. हे माझ्या लेखात स्पष्ट लिहिलेले आहे आणि आपण तेथपर्यंत वाचले नसावे असे मला वाटते.

लेख काढून टाकण्याची आपली सूचना मला मान्य नाही. उलट २४, ३६ आणि ७२ यांच्यासाठी कोणत्या सहमूळ जोड्या घ्याव्यात आणि त्या का चालतात, याचा तक्ता मी या आठवड्यात त्यात जोडणार आहे, कारण मुलांनी तो मागितला आहे.