देव्हाऱ्यासाठी भिंत, लाकूड आणि ज्योत

नव्या घरासाठी देव्हारा निवडताना दिशा, आकार आणि नक्षी यांचा विचार कसा करावा, हे मी वाचलेल्या देव्हारा-निवडीवरच्या लेखात नेमकेपणाने सांगितले आहे. मात्र त्यात स्वस्त आणि सुबक म्हणून एमडीएफचा कोरीव देव्हारा सुचवला आहे, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. एमडीएफ हा लाकडाचे बारीक तंतू चिकटद्रव्यासह दाबून केलेला तक्ता असून पाणी शोषल्यावर तो फुगतो आणि वाळल्यानंतरही पूर्ववत होत नाही. आमच्या ठाण्यात पावसाळाभर हवा दमट असते आणि घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर पावसाचा थेट मारा होतो, म्हणून देव्हारा शक्यतो आतल्या भिंतीला लावावा आणि मागे थोडी फट ठेवावी. सागवान परवडत नसेल, तर आयएस 710 या भारतीय मानकाचे मरीन प्लायवूड, म्हणजे पाण्याला टिकणारे प्लायवूड, घ्यावे.

ज्योतीचा उल्लेख लेखात अजिबात नाही, याचे मला वाईट वाटले. समईच्या ज्योतीची उष्णता मुख्यतः वर जाते, त्यामुळे ठेंगण्या देव्हाऱ्याचे छत आधी काळवंडते आणि सनमायका असेल तर तो करपूही शकतो. दिव्यासाठी पुढे सरकणारी फळी करून घेतली, तर ज्योत छताबाहेर राहते. पडदे मात्र तिच्यापासून दूरच हवेत.

देव्हाऱ्यात देव ठेवायच्या बैठकीसाठी पांढरा संगमरवर सुंदर दिसतो खरा, पण पंचामृतातील दही किंवा पितळी उपकरणी घासायचे लिंबू त्यावर सांडले, तर त्यातील आम्लाने झिलई जाते. तिथे ग्रॅनाइट अधिक योग्य.