जुना जपानी बास म्हणजे मात्सुमोकूच? दाव्यातला एकेक मुद्दा

जुन्या बास गिटारींच्या जाहिरातींखाली एक मजकूर वर्षानुवर्षं जसाच्या तसा चिकटवला जातो. त्याचा गोषवारा असा: ‘सत्तरच्या दशकातला जपानी बास असेल, तर हेडस्टॉकवर (मानेच्या खुंट्यांकडच्या टोकावर) नाव कुठलंही असो, तो मात्सुमोकूच्या कारखान्यातलाच. नेक प्लेटवर (मान बॉडीला जोडणाऱ्या पत्र्यावर) “स्टील ॲडजस्टेबल नेक” असं कोरलेलं दिसलं की शिक्कामोर्तब. प्लेटवरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे वर्ष. पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) मॅक्सनचे असतील तर सोन्याहून पिवळं. आणि हे सगळे “लॉसूट” (नकलेबद्दल खटला झालेले) बास, म्हणून भाव जास्त.’

या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते टिकून आहे. पण त्यावर विसंबून पैसे मोजावेत इतकं तथ्य एकातही नाही.

‘नाव कुठलंही असो, कारखाना मात्सुमोकूच’

मात्सुमोकू मोठा कारखाना होता, यात वाद नाही. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरातली ही लाकूडकामाची कंपनी. सिंगर शिवणयंत्रांची लाकडी कपाटं बनवता बनवता ती गिटारींकडे वळली. आरिया प्रो टू, वेस्टोन, व्हँटेज, इलेक्ट्रा, बरेचसे युनिव्हॉक्स आणि सत्तरच्या दशकातले जपानी एपिफोन तिथले. नोबुआकी हायाशी यांनी आखलेला आरिया एसबी-१००० हा बासही तिथलाच, आणि तो एकटाच कारखान्याचं नाव राखायला पुरेसा आहे.

पण त्याच शहरात १९६०पासून फुजिगेन गाक्की होती. सत्तरच्या दशकातले बहुतेक आयबनीझ आणि ग्रेको तिथून निघाले, आणि १९८२पासून फेंडर जपानचं कामही तिच्याकडेच आलं. दक्षिणेला हामामात्सुत तोकाई, कावाई आणि यामाहा असे तिघे वेगवेगळे. त्याशिवाय छोटे कारखाने होतेच.

घोटाळा होतो तो ब्रँड आणि कारखाना एकच मानल्यामुळे. आयबनीझ हे नाव नागोयाच्या होशिनो गाक्की या व्यापारी पेढीचं, ग्रेको टोकियोच्या कांदा शोकाईचं, आरिया नागोयाच्या आराई कंपनीचं. या पेढ्या कारखान्यांना ऑर्डर द्यायच्या. अमेरिकेतले आणि युरोपातले आयातदार तर त्याच मालावर स्वतःची नावं लावून घ्यायचे. इलेक्ट्रा हे सेंट लुईस म्युझिकचं नाव, युनिव्हॉक्स युनिकॉर्डचं. त्यामुळे एका कारखान्यातून अनेक नावांचे बास निघाले, आणि एकाच नावाचे बास वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कारखान्यांतूनही आले. टाइस्कोचंच बघा. १९६७मध्ये ती कंपनी कावाईनं घेतली, नाव मात्र चालू राहिलं. म्हणजे ‘टाइस्को’ लिहिलेला बास टाइस्कोचा की कावाईचा, हे ते नाव सांगू शकत नाही.

यामाहा हा ठळक अपवाद. तिथे नाव आणि बनवणारा एकच, पण देश बघून घ्यायचा, कारण यामाहाचं उत्पादन तैवानमध्येही झालं आहे.

एक सोपी चाळणी इथेच लावता येते. मात्सुमोकू १९८७मध्ये बंद पडली. ‘मात्सुमोकू, १९८९’ अशी जाहिरात दिसली तर वर्ष तरी चुकलंय किंवा कारखाना तरी.

‘प्लेटवर “स्टील ॲडजस्टेबल नेक” आहे, म्हणजे झालं’

असं कोरलेली प्लेट मात्सुमोकूच्या बासवर खरोखरच वारंवार दिसते. ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ हा तिच्यासारखाच दिसणारा मजकूर मात्र वेगळा. तो इतरांच्या स्वस्त मॉडेलांवर सर्रास आढळतो. फोटोत हे दोन्ही मजकूर सारखेच वाटतात आणि विकणारा आपल्या सोयीचा वाचतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्लेट हा चार स्क्रूंवर बसलेला सुटा पत्रा आहे. दहा मिनिटांत एका बासवरून दुसऱ्यावर जातो. गेल्या पन्नास वर्षांत एखाद्या बासची मान बदलली असेल, प्लेट गंजून दुसरी बसवली असेल, तर पत्रा खरा आणि बास भलताच असं होऊ शकतं. अदलाबदल ओळखायची खूण अशी: मूळ प्लेट काढल्यावर खालच्या लॅकरवर तिच्या कडांचा एकच स्वच्छ ठसा दिसतो. ठसे दोन असतील, किंवा स्क्रूंची जुनी भोकं बुजवून शेजारी नवी पाडलेली असतील, तर ती प्लेट साक्षीतून बाद करा.

‘पहिले दोन आकडे म्हणजे वर्ष’

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. जपानी कारखान्यांची मिळून एक अशी क्रमांक-पद्धत कधीच नव्हती.

मात्सुमोकूच्या काही मालिकांत पहिले एक किंवा दोन आकडे वर्षाचे असतात, तेवढ्यापुरता दावा खरा. आयबनीझवर १९७५च्या उत्तरार्धापर्यंत क्रमांकच नव्हते. त्यानंतर आली एक अक्षर आणि सहा आकड्यांची पद्धत: ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, पुढचे दोन आकडे वर्षाचे, शेवटचे चार अनुक्रमांक. ‘सी७८’ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे मार्च १९७८. फुजिगेनच्या ग्रेकोवरही हीच पद्धत दिसते, कारण कारखाना तोच.

आता फेंडर जपान घ्या. १९८२ ते ८४चे क्रमांक जेव्हीपासून सुरू होतात, १९८३-८४चे स्क्वायर (फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) एसक्यूपासून. पुढे ई म्हणजे १९८४ ते ८७, ए म्हणजे १९८५-८६, एफ म्हणजे १९८६-८७. फेंडरच्या तक्त्यातले हे कालखंड एकमेकांवर चढलेले आहेत, त्यामुळे त्यातून नेमकं एकच वर्ष निघेल ही अपेक्षा ठेवू नका. ‘ए’ हे अक्षर आयबनीझवर जानेवारी सांगतं, फेंडर जपानवर १९८५-८६. आधी ब्रँड ठरवायचा, मग तक्ता उघडायचा; उलट केलं की उत्तर चुकणारच.

एकाच ब्रँडमध्येही फसगत होते. आयबनीझनं १९८७च्या सुमारास पद्धत बदलली. नव्या पद्धतीत एफ म्हणजे फुजिगेन, पुढचा एकच आकडा वर्षाचा आणि उरलेले पाच अनुक्रमांक. समजा क्रमांक आहे एफ८१२३४५. जुन्या पद्धतीनं वाचला तर जून १९८१मधला २३४५वा, नव्यानं वाचला तर १९८८. अक्षर एक, आकडे सहा, दोन्ही वाचनं बिनचूक बसतात. निकाल क्रमांक लावत नाही, मॉडेल लावतं: हेडस्टॉकचा आकार, ब्रिज आणि पिकअपची मांडणी त्या वर्षाच्या कॅटलॉगाशी ताडून पाहावी लागते. १९८१ आणि १९८८च्या आयबनीझ बासमध्ये इतका फरक आहे की कॅटलॉग समोर असला तर शंका राहत नाही. क्रमांकाचा तक्ता तेवढा पाठ करून वर्ष सांगणारे नेमके इथेच अडकतात.

क्रमांकच नसेल तर? त्याचा अर्थ ‘१९७५च्या आधीचा’ असा आपोआप होत नाही. आयातदारांच्या नावानं गेलेल्या कित्येक बासवर क्रमांक कधी पडलेच नाहीत.

‘मॅक्सनचे पिकअप, म्हणजे कारखाना कळला’

मॅक्सन हे निश्शिन ओन्पा या कंपनीचं नाव. तिचे पिकअप आयबनीझवर आहेत, ग्रेकोवर आहेत. पिकअपवरचा शिक्का पिकअप कोणी बनवला एवढंच सांगतो. गोतोच्या खुंट्या आणि ब्रिज यांचंही तेच. सुटे भाग पुरवणारे सगळ्यांनाच पुरवत होते. सुट्या भागांवरून आख्खा बास ओळखणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि इथे शीत दुसऱ्याच्या पातेल्यातलं असू शकतं.

सुटा भाग एका बाबतीत मात्र कामाचा ठरतो. त्यावर तारखेचा शिक्का असेल आणि सोल्डर मूळचं असेल, तर बास त्या तारखेच्या आधीचा नाही एवढं पक्कं. मूळ सोल्डर मळकट असतं आणि सगळ्या जोडांवर एकसारखं दिसतं. एखादाच जोड चकचकीत असेल, किंवा वायरच्या टोकाला इन्सुलेशन वितळलेलं असेल, तर तिथे नंतर कोणीतरी हात घातलाय. अमेरिकन पॉटवरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावरच्या) तारखा वाचायची रीत जपानी पॉटला लावू नका. ते आकडे वेगळ्या हिशेबाचे असतात.

‘हे सगळे लॉसूट बास’

खटला एक झाला. जून १९७७मध्ये गिब्सन या गिटार कंपनीच्या मालक कंपनीनं, नॉर्लिननं, फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात एल्गर कंपनीवर दावा लावला. एल्गर म्हणजे होशिनोची अमेरिकेतली कंपनी, आयबनीझ विकणारी. वाद होता हेडस्टॉकच्या आकाराचा, गिब्सनच्या उघड्या पुस्तकासारख्या दिसणाऱ्या वरच्या कडेचा. दावा दाखल होईपर्यंत आयबनीझनं आपला हेडस्टॉक बदलायला घेतलाही होता, आणि १९७८मध्ये प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं.

यातून काय निघतं? मात्सुमोकूवर खटला झाला नाही. तोकाईवर या प्रकरणात झाला नाही. आणि जाझ किंवा प्रिसिजन घाटाचा बास, म्हणजे फेंडरची नक्कल, या वादात कुठेच नव्हता. तरी आज ‘लॉसूट’ म्हणून सगळ्यात जास्त विकले जातात ते नेमके जाझ घाटाचे बास. हा शब्द वाचून एक रुपयाही जास्त देऊ नये.

मग ओळखायचं कसं

छापलेल्या आणि स्क्रूनं लावलेल्या गोष्टी बाजूला ठेवा आणि जे लाकडात कोरलं गेलं ते बघा: मानेची खाच, पिकअपखालची खाच, वायरिंगची पोकळी, मानेची टाच, म्हणजे बॉडीत बसणारं टोक. कारखान्याची कटिंगची साधनं आणि सवयी तिथे उमटतात आणि त्या बदलता येत नाहीत.

उघडण्याआधी तारा पूर्ण सैल करा. एकदम कापू नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला तर तारा खुंट्यांवरून निसटत नाहीत. जपानी स्क्रूची फुली जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाची असते आणि नेहमीचा फिलिप्स त्यात नीट बसत नाही, वर सरकतो आणि फुली खाऊन टाकतो. जेआयएस दोन नंबरचा स्क्रूड्रायव्हर घ्या. मुंबई-कोकणाच्या हवेत राहिलेल्या बासचे स्क्रू बहुधा गंजून धरलेले असतात. अशा वेळी सोल्डरिंग गनचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवलं की लाकडातली पकड सुटते. तेल सोडू नका, ते लाकडात मुरतं. चारही स्क्रू आळीपाळीनं, कर्णाकर्णानं अर्धा-अर्धा फेरा सैल करा, नाहीतर खाचेच्या कडेचं लॅकर टवका होऊन उडतं.

मान उचलताना खाचेत कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा सापडला तर तो कुठे आणि कोणत्या बाजूला होता त्याचा फोटो काढा. तो मानेचा कोन राखण्यासाठी ठेवलेला असतो. हरवला तर तारांची उंची बिघडते. मग टाच आणि खाच तिरक्या उजेडात बघा: रबरी शिक्का, पेन्सिलचे आकडे, तपासणाऱ्याची सही. दोन्हीकडे एकच आकडा असेल तर मान आणि बॉडी एकमेकांच्याच आहेत.

पोकळीच्या न रंगवलेल्या भिंतीवर समांतर पट्टे दिसले तर बॉडी प्लायवूडची आहे. म्हणून बास कमअस्सल कारखान्याचा ठरत नाही. एकाच कारखान्यानं स्वस्त मॉडेलला प्लाय आणि महागाला अखंड लाकूड वापरलं. सेन हे जपानी लाकूड आणि ॲश यांचे रेषे इतके सारखे असतात की फोटोवरून फरक करायच्या भानगडीत पडू नये.

शेवटी मापं घ्या: स्केल (तारेची वाजणारी लांबी), खाचेची रुंदी आणि खोली, प्लेटच्या स्क्रूंमधलं अंतर, पिकअपच्या स्क्रूंमधलं अंतर. लाँग स्केल ८६४ मिलिमीटर, शॉर्ट स्केल साधारण ७६२ ते ७७५. कारखाना नक्की माहीत असलेल्या बासच्या मापांशी आणि खाचेच्या आकाराशी तुमची मापं ताडा. एक जुळणी योगायोग असू शकतो. खाच, टाच आणि पोकळी तिन्ही जुळल्या तर नाव घ्यायला हरकत नाही.

मान परत बसवताना स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात बसल्याचा हलका टक्का जाणवला की मग आवळा, म्हणजे लाकडात दुसरे आटे पडत नाहीत. स्क्रूला किंचित मेणबत्तीचं मेण लावा.

लांबून विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी चार फोटो मागा: प्लेट काढल्यावरची बॉडी, मानेची टाच, मानेची खाच, उघडलेली पोकळी. मान काढायला विकणारा तयार नसेल, तर निदान पिकगार्ड किंवा मागचं झाकण उघडून पोकळीचा फोटो घ्या. तेवढंही मिळालं नाही तर बास वाईट ठरत नाही, पण भाव निनावी जपानी बासचाच द्यायचा.