रूट करा, परत लॉक करा, मग मला फोन करा (दुसऱ्याच्या फोनवरून)

'रूट झालं की बूटलोडर परत लॉक करा, बँकेची अ‍ॅप्स झकास चालतात,' असा मंत्र याच आठवड्यात कुणा महाभागाने पुन्हा वाटलाय, आणि प्रसाद घेतलेली मंडळी काळा पडदा घेऊन विचारत फिरताहेत. (रूट म्हणजे अँड्रॉइड फोनचा पूर्ण ताबा; बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम तपासून आत सोडणारा द्वारपाल.) म्हटलं, आपणही चार हिताच्या गोष्टी सांगून पुण्य पदरात पाडून घ्यावं.

बॅकअप अजिबात घेऊ नका. बूटलोडर उघडायला संगणकावरून 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक' ही आज्ञा दिल्यावर डेटा पुसला जाणार अशी पाटी येते; न वाचता होय म्हणा.

बूट इमेज, म्हणजे फोन सुरू करणारी फाइल, मिळेल तिथून उचला. बिल्ड नंबर (सिस्टिमची नेमकी आवृत्ती) जुळवतात ते भित्रे. अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या फोनवर मॅजिस्कला (रूट करून देणारं अ‍ॅप) साधारणपणे इनिट_बूट ही वेगळी इमेज लागते, पण तुम्ही हट्टाने बूटच पॅच करा.

एन्क्रिप्शन काढून टाका, फोन पळतो म्हणे! एफस्टॅबमधला (डेटा कसा जोडायचा ते सांगणारी फाइल) 'फाइलएन्क्रिप्शन' शब्द उडवा, डेटा फॉरमॅट करा. आजच्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी वेगळ्या सूचना असतात, त्यामुळे फरक हाताला जाणवतही नाही, पण तुम्हाला जाणवेल. चोरालाही जाणवेल: कस्टम रिकव्हरी (दुरुस्तीचा बाहेरचा प्रोग्रॅम) चढवली की पिन न विचारता सगळे फोटो समोर.

आणि आता तो महामंत्र. लॉक करा, कराच. व्हीबीमेटाच्या (सिस्टिम अस्सल आहे का ते तपासायची यादी) साखळीत बूट इमेजचा हॅश, म्हणजे तिचा जणू अंगठ्याचा ठसा, असतो आणि त्यावर कंपनीच्या किल्लीची सही. मॅजिस्कने रॅमडिस्क (त्या इमेजमधला सुरुवातीच्या फाइलींचा भाग) बदलली, म्हणजे हॅश बदलला. '--डिसेबल-व्हेरिटी --डिसेबल-व्हेरिफिकेशन' देऊन फ्लॅश केलेली व्हीबीमेटाही त्या सहीत बसत नाही, कारण ते फ्लॅग सही केलेल्या भागातच असतात. अनलॉक असताना बूटलोडर नारिंगी इशारा दाखवून सोडून देतो. लॉक केलंत की तोच लाल पाटी लावून अडवतो; त्याचं कामच ते आहे! लॉक करताना डेटा पुन्हा पुसला गेला तो वेगळाच. परत अनलॉक करावं, तर 'ओईएम अनलॉकिंग' ही परवानगी बंद असली की फास्टबूट सरळ नकार देतो. ती सुरू करायची कुठून? सेटिंग्जमधून. सेटिंग्ज कुठे? जो फोन सुरूच होत नाही, त्यात. बँकेचं अ‍ॅप राहू द्या, आता अलार्मसुद्धा वाजणार नाही.

अरे, एवढं तरी कळायला नको? त्याच मॉडेलच्या मूळ फॅक्टरी इमेजने (कंपनीने दिलेली अस्सल सिस्टिम) सगळी पार्टिशन्स, म्हणजे फोनच्या साठवणीतले कप्पे, पूर्ववत करा, फोन नीट सुरू होतो का बघा, ओईएम अनलॉकिंग चालू ठेवा, मगच लॉक करा. म्हणजे रूट गेलं. रूट हवं तर अनलॉक राहा आणि बँकेसाठी दुसरा फोन ठेवा. स्वतःची किल्ली चढवून, इमेज स्वतः सही करून लॉक करता येतं, पण ते पिक्सेलसारख्या मोजक्याच फोनवर, आणि ज्याला बिल्ड नंबर बघायचा कंटाळा येतो त्याच्यासाठी तर मुळीच नाही.

आणि मंत्र वाटणाऱ्यांनो, तुमचा स्वतःचा रूट केलेला फोन कॅमेऱ्यासमोर लॉक करून दाखवा आधी. न कापता, रीस्टार्टपर्यंत.