‘आजीच्या भरवशावर’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपली प्रतिक्रिया मंगळवारी वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण जे लिहून झालं ते चारचौघांत ठेवण्यासारखं नव्हतं. म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

‘पहिल्या पावसातल्या रानभाज्या’ या माझ्या लेखाबद्दल आपले चार आक्षेप आहेत. टाकळा म्हणून दिलेला फोटो टाकळ्याचा नाही. गुळवेलीचा काढा रोज घ्या असं सरसकट लिहायला नको होतं. कंद खणायला सांगितलं की रान ओकंबोकं होतं. आणि शेवटी हे वाक्य: “आजीच्या भरवशावर रानातलं तोंडात घालायचे दिवस गेले, हौशी लेखकांनी आता हे थांबवावं.”

फोटोचं आधी उरकते, कारण तिथे आपलं बरोबर आहे. तो कासविंदा आहे. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांच्या, तीनच जोड्या असतात, टोकाशी गोलसर. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकं अणकुचीदार, आणि पान चुरगळलं तर उग्र दर्प येतो. फोनमध्ये दोन्ही फोटो शेजारीशेजारी होते, चढवताना बोट चुकलं. फोटो बदलला आहे. माझ्या चुलतबहिणीने मधल्या काळात तो पाहून ‘आमच्या फाटकाशी हाच माजलाय, खुडू का?’ असं विचारलं होतं, तिला मी ताबडतोब फोन केला. म्हणजे झालं काहीच नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावली, हे तुम्ही मला सांगायची गरज नव्हती. मला ते माहीत आहे, म्हणूनच माझ्या पातेल्यात तो कधी पडलेला नाही. फोटो चुकला, भाजी चुकलेली नाही. तेवढ्यावरून “लेखिकेला झाडं ओळखता येतात का, अशी शंका येते” असं लिहायचं, ही कुठली रीत?

आता आजी. ते वाक्य मी तीनदा वाचलं. त्यातला ‘भरवसा’ हा शब्द काही केल्या घशाखाली उतरत नाही.

माझी आजी रोह्याकडची, शाळेची पायरी न चढलेली. मृगाच्या आसपास शेवळं निघाली की टोपलीभर यायची आणि साफ करायचं काम आम्हा मुलींकडे असायचं. वरचा जांभळट पोंगा सोलायचा, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग सुरीने काढून फेकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. एका वर्षी, मी बारा वर्षांची असेन, कंटाळा येऊन चार-पाच शेवळं मी तशीच चिरून आत ढकलली. आजी भाजी वाढण्याआधी नेहमी एक कण जिभेच्या टोकाला लावायची आणि गप्प बसून राहायची. आम्ही ताटं पुढ्यात घेऊन ताटकळत असायचो. त्या दिवशी ती उठली, पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं, काकडांचा, म्हणजे त्या आंबट रानफळांचा, आणखी रस पिळला आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “पिवळं कुणी ठेवलं?”

हा भरवसा नाही हो. ही तपासणी आहे. शेवळं, अळू, सुरण, सगळे एकाच कुळातले. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि तेच घशात टोचतात. आजीला स्फटिक माहीत नव्हते. पण ते कुठल्या भागात जास्त, आंबटाने आणि भरपूर शिजवल्याने खाज किती उतरते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाणे-रायगडकडे आजही शेवळं विकणारी बाई जुडीबरोबर काकडं देते, ती काय शोभेला?

यावर तुम्ही म्हणाल, की विष काही असं जिभेवर तपासता येत नाही. नाहीच येत. म्हणून आजी कळलावी ही विषारी वेल चाखायला नाही, ओळखायला शिकवायची. पानाचं टोक लांबून वळतं आणि शेजारच्या फांदीला तणाव्यासारखं धरतं, ते बोटाने दाखवायची. फुलं नसतानाही ती खूण चुकत नाही. खालचा कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून तिचं संस्कृत नाव लांगली. त्या कंदात कोल्चिसिन असतं, थोडाही पोटात गेला तर जिवावर बेततं. हे रसायनाचं नाव मी पुस्तकात वाचलं, पण त्याआधी निदान वीस वर्षं मी त्या वेलीला हात लावत नव्हते. आमच्याकडे येणारी कातकरी मावशी कडूकंद चकत्या करून राख घातलेल्या पाण्यात उकळायची आणि मग रात्रभर वाहत्या ओढ्यात टोपली बांधून ठेवायची. एक पायरी गाळली तर काय होतं, हे तिला कुणीतरी आजारी पडलेलं बघूनच कळलं असणार. प्रयोगशाळेत याला काय म्हणतात ते आपणच सांगा.

आणि ‘हौशी’. तीस वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे. फोडशी कधी उगवली, भारंगीला फुलं कधी आली, सगळं तारीखवार. पानं दाबून ठेवलेली आहेत, काहींना कसर लागली हेही कबूल करते. एवढ्यानेही मी हौशीच ठरत असेन तर ठरू दे. पण सहीच्या जागी ‘वनस्पतिशास्त्राचा एक विद्यार्थी’ असं लिहिणाऱ्याने हा शब्द वापरावा, याची गंमत वाटते. विद्यार्थ्याला नाव नसतं का? मी तरी माझ्या नावाने लिहिते.

बाकीचं थोडक्यात. कंद खणा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ‘खणून’ हा शब्द एकदा आला आहे, तोही ओघात. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा, म्हणजे कंद, मध असल्या रानातल्या वस्तूंवरचा, आदिवासींचा हक्क मान्य केलाय, तेव्हा रान कसं राखायचं हे आपण शहरात बसून त्यांना शिकवू नये. गुळवेलीबद्दल, ती घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या मुंबईतल्या ६ रुग्णांवरचा २०२१ चा तो शोधनिबंध मीही वाचलाय. आयुष मंत्रालयाने तेव्हाच खुलासा केला होता की त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खातरजमा झालेली नाही, त्याच कुळातली दुसरी वेल असू शकते. दिसायला सारख्या असतात त्या, लोक फसतात. तो विषय मोठा आहे, इथे नको.

पुढचा लेख भारंगीवर, शनिवारी. कोवळी पानं उकळून पहिलं पाणी ओतून द्यायचं असतं, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तेवढ्यावरून पुन्हा पत्र येईल. फोटो या वेळी माझी भाची तपासणार आहे. तीही वनस्पतिशास्त्रच शिकते. सही मात्र स्वतःच्या नावाने करते.