उचकी आणि विसावा माणूस

रात्री एक वाजून दहा मिनिटं. नुकता कुठे डोळा लागला होता आणि उच्क! पलंग हलला.

"अजून खा बकाबका, वर सोडा ढोस," बायको कूस न बदलता म्हणाली. निदान बरोबरच होतं म्हणा. पोट तट्ट फुगलं की त्याच्यावरचं श्वासपटल बिथरतं, एकदम आकसतं, हवा आत खेचली जाते आणि जेमतेम ३५ मिलिसेकंदांत स्वरयंत्राचं दार खाडकन बंद होतं, तोच तो आवाज. एवढी फास्ट सर्व्हिस माझं शरीर दुसऱ्या कुठल्याच कामात देत नाही.

पहिला उपाय अर्थात पाणी. सात घोट न थांबता प्यायचे असं ठरवलं, चौथ्या घोटाला उचकी आली आणि पाणी घशातून थेट नाकात, तिथून बनियनवर. मग श्वास रोखला. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि उचकी नरमते म्हणे. गाल फुगवून वीसपर्यंत आलो, एकवीसला जी उचकी आली ती आधीच्या सगळ्यांचं व्याज घेऊनच आली.

मोबाईल उघडला. १९७१ साली एका नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय की चमचाभर कोरडी साखर गिळून २० पैकी १९ जणांची उचकी थांबली. अंधारात डबा शोधून गिळली. थांबली नाही. म्हणजे तो विसावा माणूस माझ्याच खानदानातला असणार. पुढे वाचलं तर अमेरिकेतल्या चार्ल्स ऑस्बोर्न नावाच्या गृहस्थाला १९२२ मध्ये डुकराचं वजन करताना उचकी लागली ती १९९० पर्यंत, म्हणजे ६८ वर्षं! आणि त्या काळात त्याने संसारही केला. मी बायकोच्या पाठीकडे बघितलं, उशी डोक्यावर दाबून झोपली होती बिचारी. सलग ४८ तास टिकली तर डॉक्टर गाठा, असंही लिहिलं होतं, मी हिशोब केला, अजून सत्तेचाळीस तास बाकी.

खरं सांगू, उचकीचा त्रास नसतो, दोन उचक्यांच्या मधल्या गॅपचा असतो. आता येईल, आता येईल म्हणून आख्खं अंग ताठ करून पडायचं, आणि जरा सैल सोडलं की उच्क!

कधीतरी दोनच्या सुमाराला ती थांबली असावी. मला कसं कळणार? मी सव्वातीनपर्यंत पुढचीची वाट बघत जागा होतो.