निवेदक नाही, म्हणजे कुणी बोलत नाही असं नाही

आयर्लंडच्या आरटीई वाहिनीवर 1999 पासून ‘रीलिंग इन द इयर्स’ नावाची मालिका लागते. एका भागात एक वर्ष, साधारण पंचवीस मिनिटांत. संग्रहातली जुनी दृश्यं, मागे त्याच वर्षीची गाजलेली गाणी आणि खाली दोन ओळींची पट्टी. निवेदक नाही, तज्ज्ञ नाहीत, ‘आमच्या वेळी...’ म्हणत उसासे टाकणारा जुना नट नाही. आधी ऐंशीचं दशक झालं, मग मागे जात 1962 पर्यंत आणि पुढे येत 2019 पर्यंत. सुट्टीत पुनःप्रक्षेपण लागलं की डब्लिनमधली आमची शेजारची मंडळी ताटं मांडीवर घेऊनच टीव्हीसमोर बसतात. बऱ्याचदा मीही त्यांच्यात असतो.

या मालिकेबद्दल एक दावा इथल्या लोकांकडून आणि आपल्याकडच्या मंडळींकडूनही सारखा ऐकू येतो. तो असा: निवेदकच नाही, म्हणजे मत लादणारं कुणी नाही. कॅमेऱ्यानं टिपलं तेच समोर ठेवलंय, म्हणजे लपवलेलं काही नाही. आणि शेवटी हे स्मरणरंजन आहे, त्यात कुणाचं काय बिघडतं? मालिका मला मनापासून आवडते. दावा मात्र तिन्ही पायांनी लंगडा आहे.

पहिला पाय लवकर मोडतो. ऐंशीच्या दशकातलं बेकारभत्त्याच्या रांगेचं एखादं दृश्य घ्या आणि टीव्हीचा आवाज बंद करा. ओल्या कोटांतली माणसं उभी आहेत, एवढंच दिसतं. त्याखाली नाचाचं गाणं वाजलं की तीच रांग सरकारची थट्टा होते, संथ गाणं लावलं की घशाशी येतं. गाणं त्याच वर्षीचं असतं, पण कोणतं गाणं कोणत्या दृश्याखाली जाणार हे त्या वर्षानं ठरवलेलं नसतं, संकलकानं ठरवलेलं असतं. पट्टीचंही तसंच. 30 जानेवारी 1972 ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत ब्रिटिश सैनिकांनी तेरा जणांना गोळ्या घालून मारलं, चौदावा नंतर गेला. या दृश्याखाली ‘दंगल’ लिहायचं, ‘गोळीबार’ लिहायचं की ‘हत्या’? दोन ओळींच्या पट्टीतसुद्धा एक शब्द निवडावाच लागतो, आणि या शब्दावरून तिथे जवळजवळ चाळीस वर्षं चौकश्या झाल्या.

दुसरा पाय, म्हणजे ‘कॅमेऱ्यानं टिपलं तेच’. इथे जरा थांबायला हवं.

आयर्लंडचं दूरदर्शन 31 डिसेंबर 1961 च्या रात्री सुरू झालं. उद्घाटनाचं भाषण वृद्ध राष्ट्राध्यक्ष एमन डी व्हॅलेरा यांचं. या नव्या यंत्राची त्यांनी अणुशक्तीशी तुलना केली: अपार भलं करू शकतं आणि कधी भरून न निघणारं नुकसानही. कधीकधी आपल्याला त्याची थोडी भीतीच वाटते, हेही कबूल केलं. (वाहिनीच्या उद्घाटनाला वाहिनीचीच भीती घालणारा पाहुणा दुसरा नसेल.) मालिका 1962 पासून सुरू होते ती यामुळेच. आणि त्याच 1961 साली गॉलवे परगण्यातल्या ट्यूअम गावचं माता-बाल गृह बंद झालं. अविवाहित आयांना आणि त्यांच्या बाळांना तिथे ठेवत असत. कॅथरिन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक बाईंनी दप्तरं चाळून तिथे मेलेल्या 796 मुलांची नावं गोळा केली, आणि 2014 मध्ये जग हादरलं. त्या घराची कडी लागली आणि वर्ष संपता संपता कॅमेरा सुरू झाला. योगायोगच, पण असा योगायोग दाव्याच्या बाजूनं उभा राहत नाही.

कॅमेरा आल्यावर तरी सगळं उरलं का? व्हिडिओ टेप महाग होती. कार्यक्रम झाला की ती पुसून पुन्हा वापरायची, हा तेव्हा अनेक वाहिन्यांचा रिवाज होता, आरटीईचाही. बातम्यांचं चित्रण फिल्मवर होई आणि फिल्म पुसता येत नाही. त्यामुळे साठच्या दशकातले फीत कापणारे मंत्री आणि मोर्चे जास्त उरले, स्टुडिओतल्या चर्चा कमी. आज आपल्याला ते दशक सदा रस्त्यावर असल्यासारखं वाटतं, त्यात या काटकसरीचाही वाटा आहे.

मग बंदी. प्रसारण कायद्याच्या कलम 31 खाली 1971 पासून आदेश निघू लागले, पुढे शिन फेनच्या, म्हणजे सशस्त्र आयआरएशी जोडलेल्या पक्षाच्या, माणसांचा आवाज आरटीईवर पूर्णच बंद झाला. बंदी उठली जानेवारी 1994 मध्ये. ब्रिटननं 1988 मध्ये अशीच बंदी आणली तेव्हा तिथल्या वाहिन्या पुढाऱ्याच्या ओठांवर नटाचा आवाज चढवत. आयर्लंडमध्ये तेवढीही पळवाट नव्हती. 1990 मध्ये डब्लिनच्या फिंगलस भागात एका बेकरीत संप झाला. कामगारांचा प्रवक्ता शिन फेनचा सदस्य निघाला, म्हणून त्याला केक-बिस्किटांच्या कारखान्यातल्या पगारावरही बोलू दिलं नाही. गडी कोर्टात गेला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकला. सांगायचा मुद्दा हा, की वीसेक वर्षांच्या संग्रहात एका बाजूचा आवाजच भरलेला नाही. संकलक कितीही प्रामाणिक असो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

1984 हे एकच वर्ष पाहा. जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रीगन पूर्वजांचं गाव म्हणून टिपरेरी परगण्यातल्या बॅलिपोरीनला आले. जगभरचे कॅमेरे त्या चिमुकल्या गावात. त्यांच्या नावाचा पबसुद्धा निघाला होता (तो पुढे उचलून कॅलिफोर्नियात त्यांच्या स्मारकात नेला). त्याच वर्षी 31 जानेवारीला ग्रॅनार्ड गावात ॲन लव्हेट नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी मेरीमातेच्या मूर्तीपाशी एकटी बाळंत झाली. बाळ गेलं, संध्याकाळपर्यंत तीही गेली. तिथे कॅमेरा नव्हता. बातमी वर्तमानपत्रानं फोडली. त्यानंतर देशभरच्या बायकांनी, आयुष्यभर गिळून ठेवलेलं सगळं लिहून, लोकप्रिय सूत्रसंचालक गे बर्न यांच्या कार्यक्रमाला पत्रं धाडली आणि ती कार्यक्रमात वाचली गेली. पण तो कार्यक्रम रेडिओचा! त्या पत्रांची दृश्यं नाहीत. माझ्या मते 1984 मध्ये आयर्लंडमध्ये झालेली सर्वांत मोठी गोष्ट तीच होती, आणि चित्रांच्या हिशोबात ती बॅलिपोरीनच्या मिरवणुकीपुढे केव्हाही हरणार.

वर्षाची चौकट हीसुद्धा एक भूमिकाच. 1983 मध्ये सुमारे 67 टक्के मतांनी गर्भपातबंदी राज्यघटनेत गेली. 2012 मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार गेली. मूळची बेळगावची, पेशानं दंतवैद्य, सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, पण ठोके चालू म्हणून गर्भपात नाकारला, आणि जंतुसंसर्गानं ती दगावली. वार्ताहर बेळगावला तिच्या आईवडिलांच्या दारात पोचले. 2018 मध्ये 66.4 टक्के मतांनी ती बंदी उठली. तेव्हा डब्लिनच्या एका भिंतीवर सविताचं चित्र होतं आणि भोवती चिकटवलेल्या शेकडो चिठ्ठ्या. पंतप्रधानपदी होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवणजवळचं वराड. ही एकच गोष्ट आहे, पण वर्षवार मालिकेत ती तीन वेगळ्या भागांत, तीन वेगळ्या गाण्यांखाली येणार. ही पस्तीस वर्षं जोडायचं काम प्रेक्षकाचं.

आता तिसरा पाय, ‘कुणाचं काय बिघडतं’. इथे मालिकेवर उलटा आरोप करणारेही आहेत: हे सगळं साखरेत घोळलेलं. तेही मला पटत नाही. 9 जानेवारी 1980 ला पंतप्रधान चार्ल्स हॉही टीव्हीवर गंभीर चेहऱ्यानं सांगतात की आपण सगळे ऐपतीबाहेर जगतोय. पुढे चौकशी आयोगांपुढे निघालं की स्वतः हॉही धनिकांच्या पैशांवर राजेशाही थाटात जगत होते. ते भाषण आज नुसतं दाखवलं तरी खोलीत हशा पिकतो. साखर कसली, हे तर मीठ आहे.

पण हसतं कोण? मागच्या सुट्टीत शेजाऱ्यांकडे 1979 लागलं. पोप जॉन पॉल दुसरे आयर्लंडला आले ते वर्ष. 30 सप्टेंबरला गॉलवेच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर तरुणांची अफाट गर्दी. पोप येईपर्यंत गर्दीला गाण्यांनी आणि गमतीजमतींनी खेळवत ठेवायला मंचावर दोघं: बिशप एमन केसी आणि फादर मायकेल क्लिअरी. शेजारी आणि त्याची बायको फसकन हसली. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या केसींना तेव्हा पाच वर्षांचा मुलगा होता, हे 1992 मध्ये उघड झालं. पुढे त्यांच्यावर त्याहून फार गंभीर आरोप झाले. क्लिअरींना त्यांच्या घर सांभाळणाऱ्या बाईपासून मुलं होती, ते त्यांच्या मृत्यूनंतर कळलं.

शेजाऱ्यांची सोळा वर्षांची लेक सोफ्याच्या हातावर बसून पाहत होती. तिनं मोबाइलवरून मान वर केली आणि विचारलं, “हे दोघं कोण? किती मजेशीर आहेत!”

शेजाऱ्यानं आवाज कमी केला आणि सांगायला लागला. तोवर पडद्यावर पुढचं गाणं सुरू झालं होतं.